शांत आवाजातली शिवी

शंभरातले एकाहत्तर गुण पडले म्हणून गायत्रीचं काम जाणार होतं. बारावीला एवढे पडले तेव्हा तिच्या बापाने गल्लीत पेढे वाटले होते. पण पुण्याच्या कंपनीचा कायदा निराळा. पंच्याऐंशीच्या खाली सलग तीन आठवडे राहिलं की नाव कमी. त्यातले दोन आठवडे झाले होते.

काम सांगायला सोपं होतं. मोबाइलवर इंग्रजी बोलण्याचे तुकडे यायचे, दहा-बारा सेकंदांचे, कुणीतरी कुणाशीतरी फोनवर बोललेले. शब्द खाली लिहिलेलेच असायचे. गायत्रीने ऐकायचं आणि सांगायचं की बोलणाऱ्याने जोर कुठल्या शब्दावर दिला, शेवटी आवाज वर गेला की खाली आला, आणि माणूस रागात आहे, खुशीत आहे, नकार देतोय की साधंच बोलतोय. यंत्राला माणसाचं बोलणं समजावं म्हणून हा सगळा खटाटोप. दिवसाला दीडशे तुकडे. घराच्या धाब्यावर पाण्याच्या टाकीच्या सावलीत ती कानाला हेडफोन लावून बसायची, कारण खाली घरात रेंज नव्हती, आणि सासू होती.

सासू म्हणजे कमलीबाई. प्रकाशा गावाच्या अलीकडे तापीकाठी त्यांचं गाव, आणि या गावात हळू बोलायची रीतच नाही. शेतात मोटारीचा आवाज, नदीवरचा वारा, दोन बांधांपलीकडचा माणूस. हळू बोलून चालणार कसं? जेवायला प्रेमाने बोलावतील तरी परक्याला वाटावं की आता डोकी फुटणार. कमलीबाई त्यातही पुढची. तिने चहा झाल्याची हाक मारली की तीन घरं पलीकडची म्हातारी दचकून उठे.

पण तिला खरा राग आला की तिचा आवाज खाली उतरे. लग्नाला आठ दिवस झाले असताना गायत्रीच्या हातून दूध उतू गेलं, तेव्हा कमलीबाई अगदी मऊ आवाजात म्हणाली होती, "ऱ्हाऊ द्या गायत्रीताई. तुम्ही बठा. आमी करी लेसूत." सुनेला ताई, आणि वर तुम्ही! त्यापेक्षा मुस्काटात दिली असती तर परवडलं असतं. गायत्री दोन दिवस रडत होती आणि शेजारच्या बाया कमलीबाईला समजावायला येत होत्या, की जाऊ दे, पोर नवी आहे, इतकं वाईट बोलू नये.

असा कान घेऊन गायत्री इंग्रजी ऐकायला बसली. एक बाई फोनवर "आय टोल्ड यू ऑन मंडे" असं मंडेवर घाव घालत ओरडत होती; गायत्रीने लिहिलं, साधं बोलणं. एक माणूस सावकाश, हसऱ्या आवाजात "दॅट्स क्वाइट ऑलराइट" म्हणत होता. तिने लिहिलं, राग. एकजण म्हणाला, "इट शुड बी ओके." शुड या शब्दावर तो नको इतका रेंगाळला. गायत्रीने शब्दाखाली रेघ ओढली आणि खाली लिहिलं, नकार. तिन्ही चूक. तपासणाऱ्याच्या उत्तरात पहिलं होतं राग, बाकीची दोन साधी. शुडखालची तिची रेघ मात्र बरोबर निघाली. रेघ बरोबर, अर्थ चूक, हे तिला कळेना.

शनिवारी पुण्याच्या मॅडमने सगळ्या मुलींना एकत्र फोनवर घेतलं आणि बारा जणींच्या देखत गायत्रीचे गुण वाचले.

"गायत्री, तू खूप मेहनती आहेस ना, मला माहितीये," मॅडम हळुवार बोलली. "पण तुमच्याकडचा कान थोडा रॉ असतो. नो प्रॉब्लेम. सोपं ठेवायचं. आवाज मोठा म्हणजे राग. आवाज शांत म्हणजे माणूस शांत. आपल्या मनाचं त्यात काही घालायचं नाही. ओके, बाळा?"

कमलीबाई तेव्हा शेजारीच धाब्यावर ज्वारीच्या पापड्या वाळत घालत होती, आणि गायत्रीने हेडफोन काढलेला होता. फोन संपल्यावर तिने विचारलं, "कोन व्हती ती?"

"आमनी मॅडम."

"तुले कसाले शिव्या दी ऱ्हायनी व्हती?"

"शिव्या नही आत्या, समजाडी ऱ्हायनी व्हती."

"माले नको सांगू. तोंडले साखर लाईसन बोलनारी बाई. बाळा म्हने! तिनं बाळ शे का तू?"

गायत्री पुढचा तुकडा लावू लागली. तिला सासूचा राग आला, कारण सासूचं खरं होतं आणि ते खरं तिला परवडणारं नव्हतं. घराची अडीच एकर पपई होती. हे काम गेलं की उद्यापासून बाकीच्या बायांबरोबर पपईच्या चिकात हात घालायचे. त्या चिकाने कमलीबाईच्या बोटांची सालं निघालेली होती, अंगठ्यावर कातडं उरलं नव्हतं, भाकरी थापताना ती दात आवळायची. बीएस्सीचं सर्टिफिकेट पत्र्याच्या पेटीत ठेवून तिथवर जायची गायत्रीची तयारी नव्हती.

मग तिने कान वळवला. मोठा म्हणजे राग, शांत म्हणजे शांत. मनात काही आलं की ते बाजूला ठेवायचं. पहिल्या आठवड्यात शहाऐंशी आले, दुसऱ्या आठवड्यात नव्वद. मॅडमने सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं. सासरा पितांबर पारावर सांगू लागला, "आमनी सून इंग्रजी नुसतं समजत नही, इंग्रजीना मार्क काढस." त्यात किती खरं किती खोटं ते सोडा, पण सुनेचा अभिमान वाटणारा सासरा या पंचक्रोशीत शोधून सापडणार नाही. तिचा नवरा उमाकांत अंकलेश्वरला कारखान्यात, महिन्यातून एका रविवारी यायचा. बाकीचे दिवस घरात शिकलेलं माणूस ती एकटीच.

असे दोन महिने गेले, आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पपईची तोड बंद पडली. व्यापाऱ्यांचं आणि शेतकऱ्यांच्या समितीचं भावावरून फाटलं. व्यापारी म्हणाले गाड्या लावणार नाही, समिती म्हणाली कुणी फळाला हात लावणार नाही. भांडण त्यांचं, पण पपईला कुठे माहीत? तिच्यावर पिवळी रेघ उमटली की ती कुणाची वाट बघत नाही. पितांबर रोज सकाळी बागेत जाऊन रेघा मोजायचा आणि परत येऊन ओट्यावर बसायचा. खांडबाऱ्याकडून आलेला व्हायरस यंदा त्याच्या बागेला शिवला नव्हता, थंडीने पानंही करपली नव्हती. अशी बाग दहा वर्षांत आली नव्हती, आणि ती झाडावर पिकायला लागली होती.

तोड करणारा आमशा आपली टोळी घेऊन मोलगीकडून आला होता. आठ माणसं शेतातल्या झोपडीत बसून होती. "दादा, काम नही तर आमी जातो पहाडात," तो म्हणाला. पितांबरने त्याला दोन दिवस थांबायची विनवणी केली.

मग कुणीतरी मोबाइलवर नंबर पाठवला. एक कंपनी पपई थेट दुबईला धाडते, तिला माल कमी पडतोय. पितांबरने फोन लावला. पलीकडचा साहेब बंगळूरचा. हिंदीची दोन वाक्यं बोलला आणि इंग्रजीवर गेला. पितांबरने फोन असा धरला की त्यात निखारा आहे, आणि ओरडला, "गायत्री! खाले ये!"

मंगळवारची दुपार होती. गायत्री ओट्यावर उभी राहिली, फोनचा आवाज मोठा केला. पितांबर एका बाजूला, कमलीबाई सूप घेऊन दुसऱ्या बाजूला.

साहेबाने सगळं विचारलं. जात कुठली, फळ किती वजनाचं, रेघ किती पडली. गायत्री न अडखळता उत्तरं देत होती. पितांबरची छाती फुगत होती. मग साहेब म्हणाला, माल गुरुवारी दुपारपर्यंत तोडून, कागदात गुंडाळून, क्रेटमध्ये भरून सावलीत तयार ठेवा.

गायत्रीने विचारलं, "सर, ट्रक इज कन्फर्म ऑन थर्सडे?"

"थर्सडे शुड बी फाइन," साहेब म्हणाला. आवाज शांत, हसरा. "लेट मी सी व्हॉट आय कॅन डू. डोन्ट वरी, मॅडम."

तो शुडवर रेंगाळला. ते गायत्रीला ऐकू आलं. हाताला सवय झाली होती. बोट आपोआप हललं, रेघ ओढायला. पण रेघेच्या खाली काय लिहायचं हे तिला दोन महिने ठोकून शिकवलं होतं. आवाज शांत, शेवट खाली आला, माणूस साधं बोलतोय. तिने फोन ठेवला आणि सासऱ्याकडे वळून म्हणाली, "गुरवारले ट्रक ई. काळजी करू नका म्हने."

"तो येवाव नही," कमलीबाई म्हणाली.

"काय?"

"ट्रक येवाव नही. तो मानूस एका शब्दवर आडकना. बैल गाळमा पाय टाकाना पहिले थांबस ना, तसा आडकना. अन् मंग गोड बोलना."

"तुले काय समजस इंग्रजीमा?" पितांबर खेकसला.

"इंग्रजी नही समजत. मानूस समजस. गुजरातमा ऊस तोडाले गऊ तव्हय कोनती भाषा येत व्हती माले? मुकादम हासी-हासी बोले, अन् त्याच दिवशी आमले हाकली दे. मी सांगस, हाऊ येवाव नही."

आणि इथे गायत्रीच्या तोंडून ते वाक्य गेलं. "आत्या, तुमले त्यानं काहीच समजत नही, उगा मधमा बोलू नका. माले नव्वद मार्क शेतस." शेजारची दोन माणसं कुडापाशी उभी होती. त्यांच्यासमोर गेलं. कमलीबाईने सुनेकडे बघितलं, सूप उचललं आणि आत गेली. हात दाखवून अवलक्षण करायचं नव्हतं तिला.

बुधवारी दुपारी तोड सुटली. समितीचं आणि व्यापाऱ्यांचं कसंबसं जमलं, आणि तासाभरात दगा शेठची गाडी बागेच्या रस्त्याला लागली. दगा शेठ वीस वर्षं पितांबरचा माल नेत होता. माणूस तोंडाने फाटका, शिवी दिल्याशिवाय राम राम करत नसे, पण गाडी येते म्हणाला की यायची. त्याने गाडीतूनच आरोळी ठोकली, "पितांबर भाऊ, मरी गया का जित्ता शे? चाल, तोड लाव! आज तुन्हा पहिला नंबर!"

पितांबर बांधावर उभा राहिला. त्याच्या मागे गायत्री. कमलीबाई झाडाखाली रद्दीचे कागद फाडत होती. तिने मान वर केली नाही.

"आमना माल दुबईले जाई ऱ्हायना," पितांबर म्हणाला.

दगा शेठ खाली उतरला. "कोनी लई जाई ऱ्हायना?"

"कंपनी. सुननी इंग्रजीमा बोलनी कयं."

"गाडी कोठे शे?"

"उद्या ई."

दगा शेठने पितांबरकडे बघितलं, मग गायत्रीकडे. मग आईबापावरून एक सणसणीत शिवी हासडली, ती पितांबरला होती की दुबईला ते कळलं नाही, आणि गाडी वळवून पलीकडच्या बागेत गेला. गायत्रीच्या मनात आलं, आवाज मोठा म्हणजे राग. एवढंच मनात आलं. हा माणूस काळजीने ओरडतोय, हे दोन महिन्यांपूर्वी तिला झोपेतही कळलं असतं.

आमशाच्या टोळीने बुधवारी संध्याकाळपर्यंत आणि गुरुवारी उजाडल्यापासून तोड केली. एक जण फळ हाताने पिरगळून काढायचा, दुसरा झेलायचा. देठातून पांढरा चीक टपकायचा आणि कोपरापर्यंत ओघळायचा. माणसं कमी पडली म्हणून गायत्रीही उतरली. आयुष्यात पहिल्यांदा तिने चिकात हात घातले. तासाभरात बोटांच्या बेचक्यांत आग सुरू झाली. कमलीबाईने गोडेतेलाची वाटी तिच्याकडे सरकवली. एकेक फळ रद्दीत गुंडाळायचं, क्रेटमध्ये बसवायचं, क्रेट चिंचेखाली रचायचं. अकरा वाजेपर्यंत चिंचेची सावली भरली.

बारा वाजले, एक वाजला. आमशाची माणसं हात धुऊन बसली. आमशा म्हणाला, "दादा, गाडी कव्हय ई?"

गायत्रीने फोन लावला. पलीकडे रिंग वाजत राहिली. दुसऱ्यांदा लावला, साहेबाने तोडला आणि मेसेज टाकला, मीटिंगमध्ये आहे. तेवढ्यात फोन वाजला म्हणून सगळे पुढे सरकले. पुण्याचा होता. "वेल डन, गायत्री! धिस वीक त्र्याण्णव! यू आर अवर स्टार!" मॅडमचा आवाज उन्हात सगळ्यांना ऐकू आला. गायत्रीने फोन बंद केला. तिला तो तापीत भिरकावून द्यावासा वाटला. स्टार म्हणे!

तीन वाजता साहेब सापडला. ट्रक दुसरीकडे लागलाय, बघू, उद्या कदाचित. "आय कम्प्लीटली अंडरस्टँड युअर पोझिशन," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजाला एक सुरकुतीसुद्धा पडली नव्हती. शुक्रवारीही ट्रक आला नाही. पितांबर टोपी हातात घेऊन दगा शेठकडे गेला. दगा शेठच्या गाड्या भरून गेल्या होत्या, आणि तोडून दोन दिवस पडलेला माल कुणी घेत नाही. हे पितांबरला सांगायची गरज नव्हती. तरी दगा शेठने ते चारचौघांत सांगितलं. शनिवारी सकाळी चिंचेखाली गोड आंबूस वास सुटला. कागद ओले झाले. वरची क्रेट उचलली तशी खालच्या फळांत आमशाचं बोट गेलं.

गुरांना घातली तेवढी घातली. बाकी आमशाच्या टोळीने आणि कमलीबाईने पुन्हा उचलली आणि नाल्यात ओतली. ज्या हातांनी झेलली त्याच हातांनी फेकली. क्रेट उलटं केलं की धप्प असा आवाज यायचा, आणि प्रत्येक आवाजाला पितांबर डोळे मिटून घ्यायचा. संध्याकाळी आमशाने विचारलं, "आता काम कधी?" पितांबर म्हणाला, "दहा-बारा रोजमा दुसरी तोड लागी." मग तो ओट्यावर जाऊन बसला.

गायत्री वाट बघत होती. आता सासू हळू आवाजात काहीतरी म्हणेल, ताई म्हणेल, तुम्ही म्हणेल, आणि त्यानंतर या घरात आपल्याला तोंड राहणार नाही. पण कमलीबाईने अंगणाच्या मधोमध उभं राहून असा आवाज काढला की कुत्री पळाली. तिने कंपनीला शिव्या दिल्या, दुबईला दिल्या, पितांबरच्या सात पिढ्यांना दिल्या, देवाला दिल्या, आणि मग सुनेकडे वळली. "अन् तू! नव्वद मार्कवाली! कान देवनं दिन्हात ना तुले? ते कान पुनाले गहान टाकीसन बठनी!" गायत्री खाली मान घालून ऐकत राहिली. तिला रडू आलं, पण छातीवरचा धोंडाही हलला. सासूचा आवाज अजून चढलेला होता.

मग गायत्रीला राग येत राहिला. झोपताना, भाकरी करताना, बोटांच्या फाटलेल्या बेचक्यांना मीठ लागताना. साहेबाचा राग तर होताच. तो माणूस मंगळवारीच जाणत होता. ट्रक नक्की नाही हे त्याला माहीत होतं, आणि तरी माल तोडून ठेवा म्हणाला, म्हणजे ट्रक रिकामा मिळालाच तर त्याची सोय, नाही मिळाला तर नाला आहेच. मॅडमचा राग होता. तिने कान रॉ म्हटलं होतं, आणि जे बरोबर ऐकू येत होतं ते चूक म्हणून खोडलं होतं. आणि सगळ्यांत जास्त राग स्वतःचा, कारण तिने रेघ बरोबर ओढली होती.

पितांबरची दुसरी तोड दगा शेठनेच ठरवली. घरी येऊन त्याने आधी अर्धा तास पितांबरची लक्तरं काढली, "धाड ना आते दुबईले! धाड ना!" असं ओरडून सगळी गल्ली जमवली, मग चहा प्यायला आणि उठताना म्हणाला, "बुधवारले येस मी. गाडी पहिले तुन्हाच बागमा." त्यावर कुणी नक्की का असं विचारलं नाही.

सोमवारी सकाळी बंगळूरहून फोन आला.

गायत्री तुळशीपाशी भांडी घासत होती. तिने राखेचे हात झटकले आणि फोन उघडला. कमलीबाई लाकडं मोडत होती, पितांबर दाढी करत होता.

"गायत्री मॅडम, हाऊ आर यू? सो सॉरी अबाउट लास्ट टाइम." साहेबाचा आवाज तसाच, तेल लावलेला. "थिंग्ज वेअर बियाँड अवर कंट्रोल." मग मुद्द्यावर आला. त्याचं जहाज लागलं होतं आणि माल कमी पडत होता. गुरुवारी ट्रक धाडतो, या वेळी स्वतः लक्ष घालतो. एवढं बोलताना शेवटी त्याचा आवाज थोडा वर गेला. तिने तोही ऐकला. त्याला गरज होती.

गायत्रीच्या अंगातून थंड काहीतरी खाली उतरलं. ती सावकाश उभी राहिली. तिने आवाज उतरवला, मऊ केला, प्रत्येक वाक्याचा शेवट अलगद खाली ठेवला. "नो प्रॉब्लेम ॲट ऑल, सर. प्लीज सेंड द ट्रक. एव्हरीथिंग विल बी रेडी." आणि शेवटी हलकंसं हसली. तपासणाऱ्याने तिला शंभर दिले असते.

साहेब खूश झाला. थँक यू, थँक यू म्हणत फोन ठेवला.

लाकूड मोडल्याचा आवाज थांबला होता. कमलीबाई तिच्याकडे टक लावून बघत होती.

"काय सांगं तू त्याले?"

"गुरवारले ट्रक धाड सांगं. माल तयार ऱ्हाई सांगं."

"माल ते बुधवारले दगा शेठ लई जाई," पितांबर गालावरचा साबण तसाच ठेवून म्हणाला. मग त्याला उमगलं आणि तो हसायला लागला. "आसं! येऊ दे. येऊ दे त्याना ट्रक. बठू दे चिंचखाले!"

गायत्रीही हसली. कितीतरी दिवसांनी तिला गार वाटत होतं.

कमलीबाई हसली नाही. ती उठून सुनेजवळ आली. "ट्रक कोन चालाडी?"

"ड्रायव्हर."

"तो भी कोनातरी मायना आंडोर शे. दोन रोज गाडी चालाडीसन ई, अन् आठे रिकामा बठी. त्याना काय गुन्हा? तो साहेब तठे पंखाखाले बठेल ऱ्हाई. त्याले घाम तरी ई का?"

"आत्या, त्यानी आपली पपई—"

"माले म्हाईत शे त्यानी काय करं. मन्हा हातनी फेकी मी ती." कमलीबाईने आपले सोललेले अंगठे तिच्यापुढे धरले. "शिवी देवानी शे ते तोंडवर दे. आयकू येई आसी दे. हाऊ जो आवाज तू आते काढा ना, हाऊ त्याना आवाज शे. मन्हा घरमा हाऊ आवाज काढू नको. मन्हासंगे काढशी ते मी मरी जासू."

एवढं बोलून ती एक पाऊल मागे सरकली. गायत्रीने सासूला कधी कशाला भिताना बघितलं नव्हतं. मुकादमाला नाही, दगा शेठला नाही, तापीच्या पुराला नाही. आता ती सुनेला भ्याली होती. गायत्रीच्या हातावरची राख सुकून ताणली गेली होती. तिने ती पदराला पुसली आणि पुन्हा नंबर लावला.

"येस, मॅडम?"

"सर, डोन्ट सेंड ट्रक. नो पपई फॉर यू." आवाज आपोआप चढला. जोर कुठल्या शब्दावर पडतोय हे तिने बघितलं नाही. सगळ्याच शब्दांवर पडत होता. "यू न्यू, सर! ट्यूसडेलाच यू न्यू! यू टोल्ड कट, वी कट! ऑल इन द नाला, सर! माय मदर-इन-लॉ'ज हँड्स यू कम अँड सी!"

"मॅडम, प्लीज लोअर युअर व्हॉइस. देअर इज नो नीड टू—"

मग इंग्रजी संपलं. इंग्रजी संपलं आणि पुढचं आपसूक येत गेलं, छातीच्या तळातून, मोटारीच्या आवाजावरून दोन बांध ओलांडून जाईल असं. "भडव्या, तुन्हा घरमा पोरं-सोरं शेतस का नही? तुले जर म्हाईत व्हतं तर तोडाले कसाले लावं? तुन्ही जीभ सडी जावो! नको धाडू तुन्हा ट्रक! त्या ड्रायव्हरले झोपू दे घर!" शेजारची म्हातारी दारात आली, पारावरची दोन माणसं उठून आली. गायत्री ओरडत राहिली. पलीकडे साहेब दोनदा "आय डोन्ट अंडरस्टँड" म्हणाला. दुसऱ्या वेळी त्याचा आवाज बारीक झाला होता, मग फोन कट झाला.

गायत्री धापा टाकत उभी होती. घसा सोलवटला होता.

पितांबरने गालावरचा वाळलेला साबण खाजवला. "समजनं का त्याले?"

"इंग्रजी समजनं व्हई," गायत्री म्हणाली. "मांगलं काय समजस त्याले?"

"मांगलंच समजनं," कमलीबाई म्हणाली, आणि तिने सुनेच्या हातातून फोन काढून घेऊन कोनाड्यात ठेवला. "चाल, तोंड धव. अन् चहा मांड, मन्हाकरता भी."